प्रतिकार न करणारा जोडीदार

स्वसंरक्षण शिकण्यासाठी मी एका प्रशिक्षण वर्गाचे वर्षभराचे शुल्क आगाऊ भरले आणि अकरा महिन्यांनी माझ्या लक्षात आले की ज्यासाठी पैसे मोजले ते मला तिथे एकदाही शिकवले गेले नव्हते. आणखी कोणी असे अडकू नये म्हणून हा अनुभव लिहीत आहे.

प्रवेशापूर्वीच्या प्रात्यक्षिकात प्रशिक्षकांनी अंगावर धावून आलेल्या माणसाचे मनगट नुसते वळवले आणि तो गिरकी घेऊन मॅटवर आपटला. पाठोपाठ दुसऱ्याच्या हातातली सुरी उडाली, डोक्याच्या उंचीवर एक उडती लाथ गेली आणि आम्हा सगळ्यांचे डोळे दिपले. पडणारा माणूस त्यांचाच जुना विद्यार्थी होता आणि कोणत्या क्षणी कोणत्या बाजूला पडायचे हे त्याला पाठ होते, हे मला तेव्हा सुचले नाही. वर्गातही तोच प्रकार चाले. हल्लेखोर झालेला जोडीदार एक पाऊल पुढे टाकून हात लांब करी आणि तो तसाच धरून ठेवी, तोवर आपण पाच हालचालींचा डाव पूर्ण करायचा. मी एकदा जोडीदाराला हात मागे ओढून घ्यायला सांगितले, तेव्हा प्रशिक्षक म्हणाले की हे डाव जीवघेणे आहेत, झटापटीत केले तर हाड मोडेल. मला ते पटले. दर तीन महिन्यांनी परीक्षा, तिचे वेगळे शुल्क, नवा पट्टा आणि प्रमाणपत्र. तिन्ही परीक्षा मी उत्तीर्ण झाले.

मग एका मैत्रिणीने मला ती शिकत असलेल्या वर्गात नेले. तिथल्या शिक्षिकेने मला एक जुना पांढरा शर्ट घालायला दिला आणि माझ्याहून ठेंगण्या मुलीच्या हातात सुरीऐवजी लाल शाईचा मार्कर दिला. त्या मुलीने डाव्या हाताने माझी कॉलर पकडली आणि उजवा हात शिवणयंत्राच्या सुईसारखा मागेपुढे चालवला. मी तिचे मनगट धरायला बघत होते आणि ते एका जागी थांबतच नव्हते. अर्ध्या मिनिटाने शर्टावरच्या लाल खुणा मोजल्या, तेव्हा त्या अकरा भरल्या, त्यांतल्या दोन मानेलगत होत्या.

शिक्षिकेने समजावले की जिवाची भीती वाटली की शरीरात ॲड्रेनलिन वाढते, छाती धडधडते, नजर एकाच ठिकाणी खिळते आणि बोटांची नाजूक कामे बिघडतात. अशा वेळी ढकलणे, कोपर मारणे, पडल्यावर उठणे, पळणे अशा ढोबळ हालचालीच हाताशी उरतात. अमेरिकेतील पोलीस प्रशिक्षक डेनिस ट्युलर यांनी १९८३ मध्ये दाखवून दिले होते की सुरी घेतलेला माणूस २१ फुटांचे अंतर साधारण दीड सेकंदात ओलांडतो. माझ्या पाच हालचालींना, जोडीदार पुतळ्यासारखा उभा असतानाही, चार सेकंद लागत. डाव जीवघेणे असल्याने खरा सराव होऊ शकत नाही, या सबबीचे उत्तर तर फार जुने आहे. १८८२ मध्ये ज्युदोची स्थापना करणाऱ्या जिगोरो कानो यांनी धोकादायक डाव मोकळ्या झुंजीतून वगळले, ते अशासाठी की उरलेले डाव विरोध करणाऱ्या जोडीदारावर पूर्ण ताकदीने रोज करून पाहता यावेत.

मी शुल्क परत मागितले, तेव्हा मला पावतीमागचा बारीक मजकूर दाखवण्यात आला. पैशांपेक्षा मला जास्त सलते ते वेगळेच: त्या पट्ट्यांच्या भरवशावर मी रात्री निर्जन रस्ता टाळणे सोडून दिले होते. म्हणून पोटतिडकीने सांगते, पैसे भरण्यापूर्वी प्रात्यक्षिकावर न जाता एखादा नेहमीचा तास बसून पाहा आणि त्या तासात कोणाचा तरी डाव फसतो का, याकडे लक्ष ठेवा. जिथे कोणाचाच डाव कधी फसत नाही, तिथे समोरचा मुद्दाम पडत असतो.

आता मी त्या शिक्षिकेकडेच शिकते. पहिल्या महिन्यात त्यांनी गळा सोडवून घेऊन दाराकडे पळणे एवढेच शिकवले, आणि ती मुलगी खरोखर धरून ठेवते तेव्हा ते मला दहापैकी चार वेळा जमते.