रेस्क्यू शीपडॉगचं हर्डिंग ट्रेनिंग: काही महिन्यांनंतरचा सविस्तर अनुभव

आमची झिपरी बॉर्डर कॉली, म्हणजे मेंढ्या राखणाऱ्या कुत्र्यांच्या जातीची आहे, निदान दिसायला तरी पूर्ण तीच, कागदपत्रं काही नाहीत. शेल्टरमधून आणली तेव्हा मोठीच होती, आधीच्या घरात काय झालं ते कोणालाच माहीत नाही. आता बरेच महिने झाले आम्ही मेंढ्यांवरचं बेसिक ट्रेनिंग (हर्डिंग, म्हणजे मेंढ्या वळवायचं-आणायचं काम) करतोय, एका अनुभवी बाईंकडे, त्यांच्याच मेंढ्यांवर. रेस्क्यू कुत्र्याला हे जमेल का, कुठून सुरुवात करायची, सामान काय लागतं असं बरेच जण विचारतात म्हणून एकदाच सगळं लिहून काढते. आधीच सांगते, मला हे प्रचंड आवडलंय आणि झिपरीसाठी ही फार चांगली गोष्ट झाली, पण हे ट्रेनिंग म्हणजे कुत्र्याला मेंढ्यांमागे पळायला शिकवणं नाही. पळायचं त्याच्या रक्तातच असतं. शिकवायचं असतं ते थांबणं, आणि मेंढ्या समोर असताना तुमचं भान ठेवणं. रेस्क्यूच्या बाबतीत तर सगळं यावरच अवलंबून आहे.

म्हणून पहिले काही महिने आम्ही मेंढ्यांच्या आसपासही गेलो नाही. तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने असा एक ढोबळ हिशोब रेस्क्यूवाले सांगतात ना, की आधी भीती ओसरते, मग रुटीन कळतं, मग घर आपलं वाटायला लागतं, तो आमच्याकडे बऱ्यापैकी खरा ठरला. तोपर्यंत फक्त तीन गोष्टी केल्या, हाक मारली की येणं, सांगितलं की जागच्या जागी खाली बसणं आणि लांब दोरीवर न ओढता चालणं. यात कंटाळवाणं वाटण्यासारखं खूप आहे पण घरी दहापैकी दहा वेळा येणारा कुत्रा मेंढ्या दिसल्या की दोनदा येतो, त्यामुळे घरी जे कच्चं आहे ते मैदानात शून्य असतं असंच धरून चाला.

मग इन्स्टिंक्ट टेस्ट. छोट्या गोल कुंपणात कुत्र्यांची सवय असलेल्या शांत मेंढ्या असतात, कुत्रा लांब दोरीवर असतो आणि ट्रेनर बघतात की त्याला मेंढ्यांमध्ये रस आहे का, तो गोल फिरतो का मधे घुसतो, घाबरतो का. झिपरीने पहिल्यांदा काहीच केलं नाही. जमीन हुंगली, लेंड्या खाल्ल्या, मेंढ्यांकडे पाठ करून बसली. बाई म्हणाल्या, "हिला कोणीतरी जनावरांकडे बघितल्याबद्दल बहुतेक मारलंय, हिला आधी परवानगी आहे हे कळू दे." त्यांनी तिला ढकललं नाही, चुचकारलं नाही, स्वतःच मेंढ्यांना इकडून तिकडे चालवत राहिल्या. असं काही वेळा झालं आणि मग एकदा एक मेंढी घोळक्यातून फुटली आणि झिपरीचं डोकं खाली गेलं, शेपटी खाली गेली आणि ती लांबचा वळसा घेऊन पुढे जाऊन उभी राहिली! कोणी शिकवलं नव्हतं. एका टेस्टवरून "याच्यात नाहीये" असं ठरवणारे लोक मी बघितलेत, ते मला अजिबात पटत नाही, निदान रेस्क्यूला तरी तीन-चार संधी द्यायलाच हव्यात.

शेपटीचं लक्षात ठेवा, बॉर्डर कॉलीची शेपटी खाली आणि स्थिर म्हणजे डोकं कामात आहे, शेपटी उंच झाली की तो बहुतेक वेळा एक्साइट झालाय, खेळायला लागलाय, आणि मधे घुसणं किंवा चावा तिथून फार लांब नसतो. दोरी धरून उभं राहिल्यावर मला सगळ्यात उपयोगी पडलेली ही खूण.

आता मूळ गोष्ट, जी समजायला मला बराच वेळ लागला आणि समजल्यावर सगळं सोपं झालं. हर्डिंग म्हणजे शिकारीचाच क्रम, बघणं, दबा धरणं, पाठलाग, पण पुढचं पकडणं-मारणं पिढ्यानपिढ्या निवड करून मागे पाडलेलं. आणि कॉलीला आतूनच वाटतं की आपण मेंढ्यांच्या पलीकडे जाऊन त्यांना माणसाकडे आणावं. जमिनीवर घड्याळ काढलंय समजा, मधे मेंढ्या, मी ६ वर, तर झिपरीला १२ वर जायचं असतं. याला बॅलन्स पॉइंट म्हणतात. मी ४ कडे सरकले की ती आपोआप १० कडे सरकते, मी मागे चालायला लागले की ती मेंढ्या माझ्याकडे आणते. म्हणजे पहिले कितीतरी धडे तोंडाने काही न बोलता नुसतं चालून होतात, आणि माणसाच्या बोलण्याला बिचकणाऱ्या कुत्र्यासाठी यासारखी दुसरी सोय नाही.

मेंढ्यांचंही तसंच. प्रत्येक मेंढीभोवती एक न दिसणारी हद्द असते, कुत्रा तिच्या काठावर आला की ती चालते, फार आत घुसला की ती उधळते, बाहेर राहिला की ती चरत बसते. तिचे डोळे बाजूला असतात त्यामुळे मागचा थोडा भाग सोडला तर तिला जवळपास सगळीकडचं दिसतं. कुत्र्याने त्या हद्दीच्या काठाकाठाने काम करायचं, आणि माणसानेही कुत्र्यावर तसंच, तो जास्त जवळ घुसला की आपण त्याच्या वाटेत एक पाऊल टाकायचं, तो बाहेर वळला की लगेच ते पाऊल मागे घ्यायचं. मागे घेणं जास्त महत्त्वाचं. दबाव सगळेच टाकतात, वेळेवर काढून घेणारे कमी असतात.

बक्षिसाबद्दल. खिशातली बिस्किटं मैदानात कामाची नाहीत, झिपरी त्यांच्याकडे बघतही नाही, कारण तिला हवं असलेलं बक्षीस समोर उभं आहे. म्हणून "लाय डाउन" असं शिकवलं की ती बसली, एक श्वास घेतला, की लगेच पुन्हा मेंढ्या तिच्या. बसली की दोरी पकडून बाहेर नेलं असं दरवेळी केलं तर कुत्र्याला कळतं की बसणं म्हणजे मजा संपणं, मग तो कशाला बसेल? आमच्या बाई एका सेशनमध्ये असे छोटे छोटे थांबे कितीतरी वेळा घ्यायच्या आणि खरंखुरं संपवायचं फक्त एकदा, "दॅट विल डू" म्हणून. थांबल्यावरच मेंढ्या मिळतात हे तिच्या डोक्यात बसलं त्यानंतर दोरी जवळजवळ नुसती जमिनीवर लोळत असते.

कमांड्स आम्ही जुन्याच ठेवल्या, कम बाय म्हणजे घड्याळाच्या दिशेने, अवे म्हणजे उलट, वॉक अप म्हणजे सरळ मेंढ्यांकडे चाल. तुम्ही कुठलेही शब्द घ्या पण कुत्रा त्या दिशेला ऑलरेडी जात असताना शब्द म्हणा, आधी म्हणून मग ओढू नका.

काठीबद्दल वेगळं लिहायला हवं. ट्रेनरच्या हातात काठी असते ती मारायला नाही, हात लांब करायला, म्हणजे कुत्र्याला बाहेर वळवायला. पण झिपरी काठी बघूनच जमिनीला चिकटायची, कान पाडून, मेंढ्या वगैरे सगळं विसरून. बाईंनी काठी पूर्ण बंद केली, नुसता हात वापरला, मग काही आठवड्यांनी एक हलकी फांदी गवतात पडलेली ठेवली, मग ती हातात घेऊन नुसत्या उभ्या राहिल्या. आज ती काठीकडे बघून बाहेर वळते आणि काम चालू ठेवते. ज्या ट्रेनरकडे एवढा धीर नाही त्यांच्याकडे रेस्क्यू नेऊ नका, ते स्पर्धा जिंकलेले असोत नाहीतर काही असोत. आणि शॉक कॉलर, म्हणजे विजेचा झटका देणारा पट्टा, तर नकोच नको, वेदना झाली त्या क्षणी कुत्रा मेंढीकडे बघत असेल तर तो मेंढीलाच घाबरेल किंवा तिच्यावरच चिडेल.

बाकी सामान थोडकंच. लांब दोरी गुळगुळीत घ्या, टोकाला गाठ किंवा लूप नको कारण ती मेंढ्यांच्या पायात अडकते, आणि हातमोजे घाला. साधा चपटा पट्टा. चांगली पकड असलेले बूट. शेफर्ड व्हिसल, ती तोंडात जिभेवर धरून वाजवायची चपटी शिट्टी, ती लगेच वाजत नाही, तिची प्रॅक्टिस कुत्र्यापासून लांब करा, नाहीतर त्याला निरर्थक आवाज ऐकायची सवय लागेल. सुरुवातीला तिची गरजच नाही.

मेंढ्यांचा विचार आधी करा, हे मला कळकळीने सांगायचंय. नवशिक्या कुत्र्याला पाच-सहा शांत, कुत्र्यांना सरावलेल्या मेंढ्या बऱ्या, कमी असल्या की फुटतात आणि कुत्रा पाठलागाला लागतो. गाभण मेंढ्या, कोकरं असलेल्या आया अजिबात नको, एक तर घाबरून गर्भ जाऊ शकतो आणि आई कुत्र्यावर चालून येते. मेंढ्या तोंड उघडून धापा टाकायला लागल्या की सेशन बंद, कुत्र्याची कितीही इच्छा असू दे. कुत्र्याचंही तेच, काही मिनिटांचे तुकडे करा. बॉर्डर कॉलीत जोरदार व्यायामानंतर भोवंडल्यासारखं होणं, मागचे पाय लटपटणं असा एक त्रास असतो, बॉर्डर कॉली कोलॅप्स म्हणतात, बहुतेक कुत्रे विश्रांतीने सावरतात पण उष्णतेत धोका वाढतो, आणि कुत्रा स्वतःहून थांबत नाही, आपल्यालाच थांबवावं लागतं.

औषधांचं जरूर वाचा. कॉली जातींमध्ये एमडीआर१ नावाच्या जीनमध्ये बदल असू शकतो, त्यामुळे आयव्हरमेक्टिनसारखी जंताची औषधं मेंदूपर्यंत पोचून विषबाधा होऊ शकते. २००१ मध्ये वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीत हे शोधलं गेलं. रफ कॉलीत दहात साधारण सात, ऑस्ट्रेलियन शेफर्डमध्ये जवळपास निम्मे, बॉर्डर कॉलीत खूप कमी, पण रेस्क्यूच्या रक्तात काय मिसळलंय कोण सांगणार, म्हणून आम्ही टेस्ट करून घेतली. मेंढ्यांना जंताचं औषध दिलं असेल तर ते लेंड्यांमधून बाहेर पडतं, तेव्हा लेंड्या खाणारा कुत्रा असेल तर कधी औषध दिलं ते विचारूनच जा. उलट बाजूने, कुत्र्याच्या पोटातल्या टेपवर्मची (एक लांब चपटा जंत) अंडी मेंढ्यांच्या पोटात गेली तर त्यांच्या मेंदूत गाठी होऊन त्या गोल गोल फिरायला लागतात, म्हणून कुत्र्याचं टेपवर्मचं औषध वेळेवर हवं आणि मेंढीचं कच्चं मांस त्याला घालू नये.

घरी काय फरक पडला? सायकल दिसली की ती अजूनही ताणते, ते हर्डिंगने जात नाही, त्यासाठी वेगळं ट्रेनिंग चालू आहे, आणि मेंढ्यांवर नेलं की चावणं-पळणं बरं होईल असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. फरक दुसरीकडे आहे. ती आता काही नवीन दिसलं की आधी माझ्याकडे वळून बघते. आधी ती पळायची किंवा गोठायची.

रेस्क्यूला पेडिग्री, म्हणजे नोंदलेली वंशावळ, नाही म्हणून बिचकणाऱ्यांसाठी थोडं. ब्रिटनमधली पहिली नोंद झालेली शीपडॉग स्पर्धा १८७३ ची, वेल्समधल्या बालाची, आणि इंटरनॅशनल शीप डॉग सोसायटी निघाली १९०६ मध्ये, म्हणजे कुत्रे कामावरून आधी ओळखले गेले, वंशावळीचं रजिस्टर नंतर आलं. आजच्या कॉलींचा मूळपुरुष मानला जाणारा ओल्ड हेम्प, जन्म १८९३, अ‍ॅडम टेल्फर यांचा, तो प्रसिद्ध होता तो शांत राहून नुसत्या नजरेने मेंढ्या हलवण्यासाठी. बुजरा, हळू चालणारा रेस्क्यू बघितला की मला दरवेळी त्याची आठवण येते, कारण ज्याला आपण भित्रा म्हणतो तो कदाचित नुसताच हलक्या हाताने काम करणारा कुत्रा असेल.

सध्या झिपरी मोठ्या कुंपणात थोड्या अंतरावरून वळसा घेऊन घोळका सरळ माझ्यापर्यंत आणते आणि सांगितलं की थांबते. मेंढ्या माझ्यापासून लांब नेणं, म्हणजे ड्राइव्ह, अजून नाही, ते तिच्या मूळ ओढीच्या उलट आहे म्हणून बाई घाई करत नाहीत आणि मीही नाही. आधी डावीकडचा वळसा रुंद करायचाय, त्या बाजूने ती अजून थोडी आत कापते.