दिवाळी ते पोळा, ७० लिटरची सॅक: कपडा पास, बक्कल नापास

या सॅकचे लिटर, खिसे, रंग, चेन यावर नेटवर भरपूर लिहिलेले सापडते. ते सोडून मी बकलावर लिहिणार आहे. कमरेच्या पट्ट्याच्या बकलावर. पावणेसात हजारांची सॅक नागद्वारच्या डोंगरात ज्या तुकड्यापायी लंगडी झाली, तो तुकडा प्लास्टिकचा आणि बोटाच्या पेराएवढा. कंपनीचे नाव मुद्दाम टाकत नाही. नंतर अमरावतीला दुकानात पाहिले तर त्याच जातीचे बक्कल दुसऱ्या कंपन्यांच्या सॅकलाही होते, मग एकीलाच कशाला झोडायचे.

आम्ही वरुड तालुक्यातले. घरी संत्रा आणि थोडी कपाशी. जंगलात जाणे होते ते हिवाळ्यात मित्रांसोबत चिखलदऱ्याकडे, नंबर लागला तर बुद्ध पौर्णिमेला मेळघाटात प्राणी पाहायला मचाणावर, आणि नागपंचमीच्या आधी गावच्या मंडळासोबत पचमढीला, नागद्वारच्या यात्रेला. ओझ्याची खरी परीक्षा या शेवटच्या ठिकाणी. नागद्वारची वाट सातपुडा व्याघ्र प्रकल्पातून जाते आणि वर्षातून यात्रेपुरतीच उघडते. गाड्या थांबतात तिथून पुढे तांदूळ, तुरीची डाळ, तेल, तिखट-मीठ, स्वयंपाकाचे गंज, सगळे माणसाच्या अंगावर. बाबांच्या पिढीने ते डोक्यावर चुंबळ ठेवून नेले, काही जण अजून नेतात. पण वाटेत लोखंडी शिड्या आहेत, पावसाने खडक निसरडे होतात, आणि मला दोन्ही हात मोकळे पाहिजेत.

सॅक घरी आली तेव्हा बाबा म्हणाले, "काहून बे, इतल्यात तं फवारणीचा पंप आला असता."

पंपाचे त्यांनी बरोबर काढले. सोळा लिटरचा पंप घेऊन ज्याने दिवसभर कपाशीत फवारणी केली त्याला सॅकचे शास्त्र वेगळे शिकवायला नको. पंपाला खांद्याचे दोनच पट्टे, म्हणून संध्याकाळी मान आणि खांदे धरतात. मोठ्या सॅकला कमरेचा रुंद पट्टा असतो तो यासाठीच. तो कमरेच्या हाडांवर घट्ट बसला की ओझ्याचा मोठा हिस्सा तिथून पायांवर उतरतो, आणि खांद्याच्या पट्ट्यांना सॅक अंगालगत धरून ठेवायचे काम तेवढे उरते. आता हा पट्टा बंद कशाने होतो? बकलाने. बक्कल गेले की पावणेसात हजारांचा पंप.

विकणारे मात्र डेनियर सांगतात. ४२० आहे, ६०० आहे, हजार आहे. डेनियर म्हणजे ९,००० मीटर धाग्याचे ग्रॅममधले वजन, बस. ६०० चे पॉलिस्टर ४२० च्या चांगल्या नायलॉनपेक्षा मजबूत असेलच असे नाही. बक्कल कोणत्या प्लास्टिकचे, हे मात्र कोणत्याच जाहिरातीत नाही. एसिटलचे असेल तर चांगले. साध्या पॉलिप्रॉपिलीनचे असेल तर ते उन्हाने हळूहळू कडक होऊन तडकते. आणि आपल्याकडचे ऊन कसे असते ते सांगायला नको.

मापाचे एक सांगून पुढे जातो, कारण यात लोक उंची पाहून फसतात. मान खाली वाकवली की मानेच्या बुडाशी एक हाड वर येते. तिथपासून कमरेच्या हाडांच्या वरच्या रेषेपर्यंत टेप लावायचा. माझे साडेसतरा इंच भरले. माझा एक मित्र माझ्याहून चांगला वीतभर उंच, पण त्याची पाठ माझ्यापेक्षा आखूड निघाली, सगळी उंची पायात. सॅक घ्यायची ती या मापाची, किंवा पाठीचे माप मागे-पुढे सरकवता येते अशी.

आंबिया बहाराची तोड सुरू होती म्हणून पहिली चाचणी संत्र्यांचीच झाली. काट्यावर बावीस किलो करून बगीच्यात फिरलो. आधी कमरेचा पट्टा, मग खांद्याचे, मग खांद्यावरचे ते छोटे ओढपट्टे, शेवटी छातीचा, या क्रमाने आवळले तर फरक लगेच समजतो. जड सामान पाठीला लागून मधोमध, अंथरुण-पांघरुण तळाला. डाळीची चुंगडी बाहेरच्या बाजूला गेली तर सॅक मागे ओढते आणि माणूस पुढे वाकून चालतो.

हिवाळ्यात गाविलगडाच्या बाजूला फिरलो. १८०३ च्या डिसेंबरात इंग्रजांनी याच डोंगरातून तोफा ओढत नेऊन किल्ला घेतला होता, आम्ही पाणी आणि भाकरी नेताना धापा टाकत होतो. तिथे कपड्याने मन जिंकले. बोरीचे काटे, घाणेरीची जाळी, बांबूचे फोक, काही काही झाले नाही. वाळलेल्या गवताची कुसळे तेवढी खांद्याच्या पट्ट्यांच्या गादीत घुसली. ती एकेक करून चिमट्याने काढावी लागतात, नाहीतर पुढच्या वेळी सदऱ्यातून टोचतात. तेव्हा माझी एकच तक्रार होती, पाठीच्या ताणलेल्या जाळीची. जाळीमुळे सॅक पाठीपासून दोन बोटे दूर राहते, आणि ओझे जितके दूर तितके ते मागे ओढते. जाळीवाली सॅक जड ओझ्याला घेऊ नका, असे मी तेव्हा दोघा-तिघांना सांगितलेही.

मे महिन्यात मत बदलले. मचाणावर एका रात्रीसाठी जायचे तरी पाणी आपलेच, आणि दहा लिटर पाणी म्हणजे दहा किलो, त्यात सूट नाही. त्या उन्हात ज्यांच्या सॅक पाठीला चिकटून होत्या त्यांचे सदरे निथळत होते. माझी पाठही ओली झाली, पण वारा लागत होता. तर जाळीबद्दलचा सुधारित निकाल असा: पंधरा किलोपर्यंत आणि उन्हाळ्यात जाळी उत्तम, वीसच्या वर सपाट गादी बरी. आम्हा विदर्भवाल्यांना वर्षातले बरेच महिने जाळीच परवडते.

आता नागद्वार.

पांढुर्णा-छिंदवाडामार्गे पचमढीला पोचलो तेव्हाच पाऊस लागलेला. सॅकसोबत मिळणारा रेनकव्हर नावाचा प्रकार अशा पावसात पाठीच्या बाजूने काही कामाचा नाही. पाणी मानेवरून पाठीवर आणि पाठीवरून सॅकमध्ये जाते, तिथे कव्हर पोचतच नाही. आतून जाड पन्नीचा मोठा थैला घाला, सामान त्यात भरा, तोंड पिळून दुमडा. तांदळाचा दाणा भिजला नाही. फक्त खताच्या कट्ट्यातली पन्नी धुऊन वापरू नका, खायच्या वस्तू असतात.

एका शिडीच्या खाली ओझे टेकवले, दम घेतला, पुन्हा उचलले आणि पट्टा आवळला. कट्ट. बकलाच्या दोन दातांपैकी एक बुडातून तुटून चिखलात पडला. एका दातावर बक्कल लागते, पण चार पावले चालले की निसटते. एकवीस-बावीस किलो एकदम खांद्यावर आले. मागून चढणारा एक जण म्हणाला, "भाऊ, पट्टा लोंबून रायला तुमचा." मला ते दिसत होते.

दुपट्ट्याने पट्ट्याची दोन्ही टोके बांधली. ओला कपडा ताण आला की सैल पडतो, म्हणून वाटेत थांबून थांबून गाठ आवळायची. मंडळातले एक काका डोक्यावर तेलाचा डबा घेऊन माझ्या पुढे निघून गेले. बोलले काही नाहीत. तेच जास्त लागले.

घरी येऊन कंपनीला फोन. बिल पाठवा, पाठवले. फोटो पाठवा, पाठवले. दुसऱ्या बाजूने फोटो पाठवा. मग उत्तर आले की बक्कल हे वापराने झिजणाऱ्या वस्तूंमध्ये मोडते, वॉरंटी शिलाई आणि कपड्याला आहे. वॉरंटी पाच वर्षांची, आणि जी वस्तू तुटू शकते ती तिच्या बाहेर! म्हटले, बरे, नुसते बक्कल विकत द्या. नुसते बक्कल विकत नाहीत. सॅक स्वखर्चाने सर्व्हिस सेंटरला पाठवा, पाहून सांगू. कुरियरवाला गावात येत नाही, तालुक्याला जाऊन द्या, आणि येण्या-जाण्याचा खर्च इतका की त्यात मुलांच्या शाळेच्या दोन बॅगा याव्यात. फोनवरच्या मुलीचा यात दोष नाही, ती समोरचे वाचून दाखवत होती. पण "सर, तुमची गैरसोय आम्ही समजू शकतो" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले की शेवटी मीच तिच्या आधी म्हणून टाकले.

वरुडला बॅग दुरुस्तीवाल्याकडे गेलो. शाळेच्या बॅगांची २५ आणि ३८ मिलिमीटरची बकले त्याच्याकडे ढिगाने. माझा पट्टा ५० चा. आणि दुसरी मेख अशी की बकलाची एक बाजू पट्ट्यात कायमची शिवलेली आहे, उसवल्याशिवाय निघत नाही. सॅक घेताना हे एवढे पाहा: बकलाच्या दोन्ही बाजूंचे पट्टे हाताने ओढून बाहेर निघतात का. निघत असतील तर घरी पाच मिनिटांचे काम. शिवलेल्या पट्ट्यासाठी दांडीला चीर असलेले बक्कल मिळते, ते चिरेतून सरकवून बसते, शिलाईला हात लावावा लागत नाही. वरुडला नाही मिळाले. ऑनलाइन होते, पण डिलिव्हरी पुन्हा "तुमच्या पिनकोडवर उपलब्ध नाही".

पोळा तोंडावर आलेला. बैलांच्या साजाच्या दुकानात कासरे, वेसणी, गोंडे, घुंगरमाळा पाहता पाहता खिळ्याला टांगलेल्या लोखंडी कड्या दिसल्या, डी आकाराच्या, कल्हई केलेल्या, बरोबर दोन इंची. दोन घेतल्या. तीस रुपये. तिथून गाडीच्या सीट कव्हरवाल्याकडे. त्याच्या मशीनवर जाड नायलॉनचा दोरा चालतो, सॅकला तोच पाहिजे. सुती दोरा पावसात कुजतो. त्याने जुने बक्कल उसवून दोन्ही कड्या एकत्र शिवल्या, त्याच जागेवर मशीन पुढे-मागे करून दाट टाके मारले आणि ऐंशी रुपये मागितले. दिले, घासाघीस केली नाही. हे माझ्या स्वभावात नाही, पण दिले.

हेल्मेटचा पट्टा दोन कड्यांतून जाऊन उलटा वळतो, तसेच आता कमरेचे चालते. दुसऱ्या दिवशी सरकीच्या ढेपेचा पंचवीस किलोचा कट्टा सॅकमध्ये घालून बसस्टँडवरून घरी आणला. पट्टा सुताने सरकला नाही.

खोट एक आहे आणि ती लहान नाही. नाला ओलांडताना कमरेचा आणि छातीचा पट्टा आधी सोडून ठेवायचा असतो, पाय घसरला तर सॅक टाकून देता आली पाहिजे. बक्कल चिमटीत सुटते. कडी वर उचलून पट्टा ढिला करावा लागतो, ओल्या हाताने जमत नाही. म्हणून वरच्या कडीला सुतळीचा फास बांधून ठेवला आहे. तो ओढला की पट्टा सैल.

पाचपैकी तीन तारे देतो. कपडा, शिलाई, गादी यांचे चार झाले असते, एक बकलाने आणि फोनने मिळून खाल्ला. साळ्याला आता अशीच सॅक घ्यायची आहे, पुढच्या वर्षी तोही मंडळात येतो म्हणतो. त्याला ५० लिटरची सांगितली. ७० ची असली की वर थोडी जागा दिसते, आणि जागा दिसली की मंडळातले कोणीतरी त्यात चार किलो कांदे टाकून मोकळे होते.