नवतपात परसबागेला पाणी: पाइप की मडकं?

२५ मेच्या सुमारास नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागतो आणि नागपूरच्या काळ्या मातीला बोट जाईल एवढ्या भेगा पडतात. अशा वेळी वांगी-भेंडीला पाइपनं पाणी द्यावं की शेजारी मडकं पुरावं? आमच्या परसात दोन्ही आहे.

पाइप सोपा. पण ४५ अंशांच्या दुपारी पाइपात साचलेलं पाणी हात पोळेल इतकं तापतं; ते आधी बादलीत काढा, रोपांवर मुळीच नको. वरून दिलेलं पाणी भेगांतून खाली जातं, उरलेलं उन्हात उडतं. रोज पहाटे नाहीतर दिवस मावळल्यावर उभं राहावंच लागतं.

मडकं बिनरंगाचं घ्या, गळ्यापर्यंत पुरा, वर झाकणी ठेवा, नाहीतर डास होतात. माती कोरडी पडली की ती मडक्यातलं पाणी ओढून घेते. ओली असली की पाझर आपोआप मंदावतो. मला हेच फार आवडतं. एकदा हलकेच उकरून पाहिलं, तर आतली माती गार आणि वांग्याची पांढरी मुळं थेट खापराला बिलगलेली! बोअरच्या जड, क्षारांच्या पाण्यानं मात्र मडक्याची बारीक छिद्रं बुजतात, मग मडकं बदलावं लागतं.

सांबार (कोथिंबीर) आणि पालकाच्या दाट वाफ्याला मडकं कामाचं नाही, तिथे झारीच बरी. वांगी, दोडके, कोहळ्याला मी मडकंच सांगेन. फक्त ते रोप लावतानाच पुरा. मे महिन्यात खोदलं तर मुळं तुटतात.