रॅकचं दार उघडून घ्या, मगच शेवटचा हप्ता द्या

शाळा, पतसंस्था, दवाखाना, हाउसिंग सोसायटी, कुठंही नेटवर्कचा रॅक (संगणक आणि कॅमेरे जोडणारी यंत्रं ठेवायची कपाटासारखी पेटी) बसवायचं काम काढलं असेल तर पैसे चुकते करण्याआधी हे वाचा. आमच्या शाळेला एका ठेकेदाराने फसवलं. बिलात लिहिलेल्या जवळजवळ प्रत्येक वस्तूच्या जागी भिंतीवर दुसरंच काहीतरी निघालं. पैसा माजी विद्यार्थ्यांच्या वर्गणीचा होता. गवंडीकाम करणाऱ्या पोरांनी दिलेल्या पाचशे-पाचशेच्या नोटाही त्यात होत्या, म्हणून हा राग सहज जाणार नाही.

काम होतं संगणक कक्ष, कार्यालय आणि आवारातल्या कॅमेऱ्यांचं. बिलात होतं: भिंतीवरचा १२ यू रॅक (यू हे रॅकच्या उंचीचं माप), २४ पोर्टचा नवा गिगाबिट पीओई स्विच (सगळ्या केबली एकत्र जोडणारं आणि त्याच केबलीतून कॅमेऱ्यांना वीज देणारं यंत्र), पॅच पॅनल (खोल्यांतून आलेल्या केबली जिथं पक्क्या बसवतात ती पट्टी), शुद्ध तांब्याची कॅट-६ दर्जाची नेटवर्क केबल, अँकर फास्टनर (भिंतीत रुतणारे धातूचे बोल्ट), स्वतंत्र अर्थिंग. सगळं बसल्यावर दिसायला फार नेटकं होतं. काचेचं दार, आत लुकलुकणारे हिरवे दिवे. किल्ली मात्र ठेकेदाराने स्वतःजवळ ठेवली. "आत कुणी हात घातला तर वॉरंटी जाईल," असं तो कार्यालयात सांगून गेला. असं म्हणणाऱ्या माणसाला तिथंच थांबवा. रॅक तुमचा आहे, किल्लीही तुमचीच.

काही आठवड्यांनी मैदानाच्या टोकाचे कॅमेरे अंधार पडला की बंद पडू लागले. दिवसा ठणठणीत, संध्याकाळी गायब. ठेकेदार म्हणाला, गावात व्होल्टेज कमी येतं, स्टॅबिलायझर घ्या. त्याचंही कोटेशन पाठवलं.

दिवाळीत आमचा एक माजी विद्यार्थी गावी आला होता. पुण्यात नेटवर्कचंच काम करतो. अशा रॅकची कुलपं बहुतेक एकाच नमुन्याची असतात. त्याच्या जुडग्यातल्या किल्लीने दार उघडलं. आत बघून तो आधी काही बोललाच नाही, रॅकच्या उभ्या पट्टीवरची भोकं मोजत बसला. १ यू म्हणजे पावणेदोन इंच उंची आणि पट्टीवर तीन भोकं. १२ यूला छत्तीस भोकं हवीत. इथं सत्तावीस होती, म्हणजे रॅक ९ यूचा. ही तपासणी कुणालाही जमेल, टेपसुद्धा लागत नाही.

स्विचला दोन्ही बाजूंचे कान (धातूच्या छोट्या पट्ट्या) लावून ते पट्टीच्या भोकांत बसवलेल्या केज नटमध्ये कसायचे असतात. आमचा स्विच नुसता ट्रेवर ठेवलेला होता. कान का नव्हते ते तो उलटा केल्यावर कळलं. "सर, हा नवा नाही," पोरगा म्हणाला. खालच्या बाजूला जुन्या रॅकमध्ये घासल्याचे ओरखडे होते, कानांच्या स्क्रूची भोकं झिजलेली होती आणि सिरीयल नंबरच्या लेबलखाली दुसरं लेबल खरवडल्याच्या खुणा. लॅपटॉप जोडला तर सॉफ्टवेअरमधला सिरीयल नंबर लेबलशी जुळेना. शिवाय त्यात कुठल्यातरी ऑफिसच्या पोर्टांची नावं तशीच राहिलेली: रिसेप्शन, अकाउंट्स, मीटिंग रूम. कंपनीच्या कस्टमर केअरला तो आतला नंबर कळवला, तेव्हा वॉरंटी कधीचीच संपल्याचं उत्तर आलं.

आमच्याकडचा माल जुना होता, पण निदान असली होता. याहून वाईट प्रकारही घडतात. सिस्को या नामांकित कंपनीच्या कॅटॅलिस्ट २९६०-एक्स या स्विचच्या बनावट नकला एका कंपनीत लागलेल्या होत्या. २०१९ मध्ये सॉफ्टवेअर अपडेट केल्यावर त्या बंद पडल्या, तेव्हा कुठं संशय आला. फिनलंडच्या एफ-सिक्युअर या सायबर सुरक्षा कंपनीने २०२० मध्ये त्यांचा तपास अहवाल प्रसिद्ध केला. तोपर्यंत ते स्विच बिनबोभाट चालत होते. म्हणून खोकं तुमच्यासमोर फुटलं पाहिजे. खोक्यावरचा, खालच्या लेबलवरचा, सॉफ्टवेअरमधला आणि बिलावरचा, हे चारही सिरीयल नंबर स्विच रॅकमध्ये चढायच्या आधी जुळले पाहिजेत. एकदा तो वर बसला की खालचं लेबल कुणी बघत नाही, आणि हा सगळा धंदा त्यावरच चालतो.

पॅच पॅनल तर निव्वळ शोभेचं होतं. त्याच्या मागे एकही तार पंच केलेली, म्हणजे खाचेत दाबून बसवलेली नव्हती. केबली त्याच्या खालून येऊन थेट स्विचमध्ये खोचलेल्या.

आता केबल, कारण खरा पैसा तिथं मुरलेला असतो. पोराने एका टोकाची तार ब्लेडने खरवडली. वरचा तांबूस थर निघाला आणि आत पांढरं ॲल्युमिनियम. तांब्याचा मुलामा दिलेल्या अशा ॲल्युमिनियमला बाजारात सीसीए म्हणतात. कॅट-६ च्या मानकांत ही तार बसतच नाही, त्यात शुद्ध तांबंच लागतं. ॲल्युमिनियमची वीज वाहून नेण्याची क्षमता तांब्याच्या साधारण ६१ टक्के. पीओईमध्ये कॅमेऱ्याची वीजही याच तारेतून जाते. अंधार पडला की कॅमेऱ्यातले इन्फ्रारेड दिवे लागतात, त्याला जास्त वीज लागते, लांबच्या तारेत व्होल्टेज घसरतं आणि कॅमेरा बंद पडतो. गावातल्या विजेचा त्यात काहीच दोष नव्हता. स्टॅबिलायझर घेतला असता तर तेही पैसे गेले असते.

ब्लेडशिवाय दुसरी खात्री हवी असेल तर मल्टिमीटर पुरतो. लांबच्या टोकाला एका जोडीच्या दोन तारा एकमेकींना पिळायच्या आणि अलीकडून रेझिस्टन्स मोजायचा. मानकाप्रमाणे एका तारेचा रेझिस्टन्स १०० मीटरला ९.३८ ओहमच्या वर जाता कामा नये, म्हणजे पिळलेल्या जोडीचा पावणेएकोणीसच्या आत. आमच्या मैदानाकडच्या केबलचं अंतर १०० मीटरहून कमी होतं, तरी आकडा याच्या वर गेला. ठेकेदार आठ दिव्यांचा छोटा टेस्टर लावून "सगळं ओके" दाखवतात त्यावर जाऊ नका. तो फक्त तार जोडलेली आहे एवढंच सांगतो. केबलची लांबी आणि दर्जा मोजणाऱ्या सर्टिफायर यंत्राचा अहवाल मागा आणि त्यातली लांबी वाचा. आम्हाला दिलेल्या अहवालात रॅकशेजारची खोली आणि मैदानाचं टोक यांची लांबी दशांशापर्यंत सारखी छापलेली होती.

अर्थिंगची हिरवी वायर रॅकच्या अंगाला स्क्रूने पक्की केलेली होती. ती धरून मागे गेलो तर केसिंगच्या पट्टीत वीतभर आत ती कापून सोडलेली. वळवाच्या विजा आमच्या भागात दरवर्षी पडतात, आणि त्या खोलीत मुलं बसतात. बाकी सगळं एकवेळ पैशाचं नुकसान म्हणेन, हे तसं नाही. अँकर फास्टनरच्या जागी साध्या प्लास्टिकच्या गिट्ट्या होत्या आणि वरचे दोन स्क्रू प्लास्टरमधून बाहेर सरकायला लागले होते. त्याच्या बरोबर खाली विद्यार्थ्यांचं बाक.

बिलावरचा जीएसटी क्रमांक पोर्टलवर लॉगिन न करताही तपासता येतो. आम्ही तपासला, तर तो भलत्याच नावाच्या फर्मचा निघाला. कोटेशन आलं त्याच दिवशी तुम्ही हे करू शकता.

वकिलांमार्फत नोटीस गेली आहे, पोलीस ठाण्यात लेखी अर्ज दिला आहे. रक्कम अद्याप परत आलेली नाही. तुमच्याकडे असं काही सापडलं तर रागाच्या भरात जुना माल लगेच उतरवू नका, कारण "मी गेल्यावर तुम्हीच बदललंत" हे पहिलं उत्तर येतं. आधी दोन त्रयस्थ माणसांसमोर रॅक उघडा, भोकांपासून लेबलांपर्यंत सगळ्याचे फोटो काढा, प्रत्येक खोलीतल्या केबलचा वीतभर तुकडा कापून पाकिटात घाला, पाकीट बंद करा आणि त्यावर तारीख घालून दोघांच्या सह्या घ्या. मगच नवं काम सुरू करा.