भुंकणाऱ्या कुत्र्यासाठी पट्टा घ्यावा, जागा बदलावी की शिकवावं?

परभणीत आमच्या गल्लीत घरं भिंतीला भिंत लागून आहेत. आमचा कुत्रा शेरू रात्री दोनला भुंकायला लागला की शेजारच्या काकूंचा तान्हा नातू जागा व्हायचा. काकू कधी भांडल्या नाहीत, पण सकाळी त्यांच्या डोळ्यांतली अपुरी झोप मला दिसायची. त्याच घाईत मी साडेअकराशे रुपयांचं भुंकणं थांबवायचं यंत्र मागवलं. ते पैसे वाया गेले. तुम्हीही असंच काही घ्यायच्या विचारात असाल, तर मागवण्याआधी हे वाचा.

साधारण तीन वाटा आहेत: यंत्र किंवा पट्टा, कुत्र्याची जागा आणि दिनक्रम बदलणं, आणि शिकवणं. तिन्ही मी करून बघितल्या. पण कुत्रा का भुंकतो हे कळल्याशिवाय यातली कोणतीच निवडता येत नाही.

त्यासाठी चार दिवस वहीत टिपून ठेवा. किती वाजता भुंकला, कुठं तोंड करून, समोर कोण होतं, आणि कशानं थांबला. शेवटची नोंद सगळ्यात महत्त्वाची. घंटागाडी येते, कुत्रा भुंकतो, गाडी पुढे जाते. गाडी तशीही जाणारच होती, पण कुत्र्याच्या लेखी ती त्याच्या भुंकण्यानं गेली. म्हणून उद्या तो आणखी जोरात भुंकतो. तुम्ही जेवायला बसल्यावर भुंकतो आणि गप्प बसावा म्हणून कुणीतरी भाकरीचा तुकडा टाकतं, तेव्हा त्याला भुंकायचं आपणच शिकवलेलं असतं. फटाके, डीजे आणि विजांना भुंकणं भीतीचं. दिवसभर साखळीला बांधलेल्याचं भुंकणं कंटाळ्याचं. घर बंद करून गेल्यावर तो काय करतो हे कळायला मोबाईलवर रेकॉर्डिंग लावून जा. तुम्ही गेल्या गेल्या रडणं, दार खरवडणं, लाळ गळणं सुरू होत असेल, तर ते एकटेपणाचं घाबरणं आहे.

आता यंत्रांचं. यातलं सगळ्यात सौम्य म्हणजे माणसाला न ऐकू येणारा आवाज काढणारं. माणसाला साधारण वीस हजार हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो, कुत्र्याला पंचेचाळीस हजारांच्या आसपास. शेरू पहिले तीन दिवस दचकून गप्प बसला, आठवड्यात त्याला त्याची सवय झाली. शिवाय समोरच्या घरचा कुत्रा भुंकला तरी आमचं यंत्र वाजायचं, आणि त्रास शेरूला. फवारा मारणाऱ्या पट्ट्याचंही तेच, सवय होते आणि डबी पुन्हा पुन्हा भरावी लागते. शॉक देणारा पट्टा मात्र मी कुणालाच सुचवणार नाही. दूधवाल्याला बघून कुत्रा भुंकला आणि त्याच क्षणी गळ्याला झटका बसला, तर तो त्या दुखण्याचा संबंध भुंकण्याशी लावेलच असं नाही, दूधवाल्याशीही लावेल. मग भुंकून सावध करणारा कुत्रा एक दिवस न भुंकता चावू शकतो. वेल्समध्ये असे पट्टे वापरण्यावर 2010 पासून बंदी आहे.

घट्ट जाळी किंवा पट्ट्यानं तोंड बांधून ठेवणं तर आपल्या भागात जीवघेणं ठरू शकतं. कुत्रा मुख्यतः धापा टाकूनच अंग थंड ठेवतो. मे महिन्यात पारा बेचाळीसवर गेलेला असताना त्याला तोंड उघडता आलं नाही, तर उष्माघात व्हायला वेळ लागत नाही. आवाजच बंद करायचं ऑपरेशन कुणी सुचवलं तर सरळ नाही म्हणा. भुंकण्याचं कारण तसंच राहतं आणि जनावराला आयुष्यभराची इजा होते.

जागा बदलणं हा उपाय लोक सहसा शेवटी करतात. माझ्या मते तो सगळ्यात आधी करावा, कारण फरक त्याच दिवशी दिसतो आणि खर्च नावाला. आमच्या लोखंडी गेटमधून शेरूला अख्खी गल्ली दिसायची. मी गेटला छातीच्या उंचीपर्यंत शेतातली उरलेली हिरवी शेडनेट बांधली आणि रात्री त्याला अंगणातून आतल्या खोलीत घेतलं. रात्रीचं भुंकणं निम्म्याहून कमी झालं. उन्हाळ्यात कूलरच्या घरघरीत बाहेरचे आवाज बुडतात, तेव्हा तो आणखी शांत असतो. सकाळी सहाच्या आत अर्धा तास फिरवून आणायचं आणि वाटेत हवं तेवढं हुंगू द्यायचं. हुंगण्यानं त्याचं डोकं थकतं. उशीर झाला तर आधी डांबरावर आपला तळहात ठेवून बघा, आपल्याला ठेववत नसेल तर त्याचेही पाय भाजतात.

साखळीचं थोडं परखड बोलतो. तोकड्या साखळीला दिवसदिवस बांधलेला कुत्रा भुंकणारच. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात कलम 11 नुसार फार वेळ अवाजवी तोकड्या किंवा जड साखळीला बांधणं आणि कायम बांधलेल्या कुत्र्याला व्यायाम न देणं ही क्रूरता आहे.

पण नुसत्या शेडनेटनं जेवणाच्या वेळचं मागणं थांबत नाही. तिथं शिकवणंच लागतं, आणि त्याला वेळ लागतो. तो भुंकला की ओरडू नका, त्याला वाटतं तुम्हीही सोबत भुंकताय. शांतपणे एकदा ‘बस’ म्हणा. दम घ्यायला दोन-तीन सेकंद थांबला, की लगेच उकडलेल्या अंड्याचा किंवा चिकनचा बोटाच्या पेराएवढा तुकडा द्या. पुढं पाच सेकंदांनी, मग दहानं. कांदा, लसूण, मनुका, चॉकलेट मात्र कधीच नको, कुत्र्याला विषासारखं लागतं. काही मागण्यासाठी भुंकत असेल तर त्याच्याकडं पाठ करा. सुरुवातीचे काही दिवस तो आधीपेक्षा जास्त भुंकेल. आमच्याकडे तेव्हाच आईनं कळवळून भाकरी टाकली आणि आम्हाला पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागलं. घरातल्या सगळ्यांचं एकमत नसेल तर शिकवणीत पडू नका. आमचे दोन महिने गेले.

भीती आणि एकटेपणाला शिक्षेचा कोणताच उपाय चालत नाही. दिवाळीच्या आधीच आवाजाची सवय लावायची: मोबाईलवर फटाक्यांचा आवाज अगदी हळू लावायचा, सोबत आवडता खाऊ द्यायचा, आणि काही दिवसांनी किंचित वाढवायचा. एकटं राहायचं घाबरणं फार असेल तर डॉक्टर औषध देतात. माणसाची झोपेची गोळी स्वतःच्या मनानं देऊ नका. म्हातारा कुत्रा अचानक भुंकायला लागला असेल तर आधी कान, सांधे, डोळे तपासून घ्या. परभणीला आणि उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. आणि आवाज घोगरा झाला, लाळ गळतेय, वागणं बदललंय असं दिसलं तर जवळ न जाता डॉक्टरांना बोलवा, रेबीजची शक्यता असते.

फ्लॅटमध्ये राहत असाल तर आधी दिनक्रम, मग शिकवणं. गल्लीतल्या घराला आधी शेडनेट. शेतातल्या आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या वस्तीवर, मोटारीची आणि सोयाबीनच्या राशीची राखण करणारा कुत्रा गप्प करायचाच नसतो. तिथं त्यानं चार वेळा भुंकून सांगावं आणि तुम्ही बॅटरी घेऊन बाहेर आल्यावर थांबावं, एवढंच शिकवा. कुत्रा अजून आणायचाच असेल तर जातही बघा. पॉमेरियन बारीकसारीक आवाजाला भुंकतो, आपल्याकडचा कारवानी त्या मानानं कमी बोलतो.

शेरू अजूनही घंटागाडीला भुंकतो. चार-पाचदा भुंकून मागं वळतो आणि माझ्या हाताकडं बघतो. खिशात तुकडा असतोच.