कॅनडाच्या पीआरसाठी इंग्रजी: आयईएलटीएस, सेल्पिप की पीटीई कोर?

"माझं सगळं शिक्षण इंग्लिश मीडियमचं, ऑफिसात दिवसभर इंग्रजीच बोलतो, मग परीक्षा कशाला?" एक्सप्रेस एन्ट्रीतून, म्हणजे कॅनडाच्या गुणांवर चालणाऱ्या ऑनलाइन पद्धतीतून, पीआरची (कायम वास्तव्याची) फाइल लावायची असेल तर या युक्तिवादाचा काही उपयोग नाही. शाळेचं माध्यम, डिग्री, कंपनीचं पत्र, काहीही चालत नाही. लंडनमध्ये जन्मलेल्या माणसालाही परीक्षा द्यावीच लागते.

इंग्रजीच्या तीन परीक्षा चालतात: आयईएलटीएस जनरल ट्रेनिंग, सेल्पिप जनरल आणि जानेवारी २०२४ अखेरपासून पीटीई कोर. बुकिंग करताना नाव दोनदा वाचा. आयईएलटीएस अ‍ॅकॅडमिक, पीटीई अ‍ॅकॅडमिक किंवा सेल्पिप जनरल-एलएसचा स्कोअर इथे कामाचा नाही, मग तो कितीही चांगला असो.

क्लासवाल्यांना सगळे विचारतात, "सोपी कुठली?" त्याऐवजी "ऐकणं, वाचन, लेखन, बोलणं या चारांतलं माझं कच्चं कौशल्य कुठलं, आणि ते कुठल्या परीक्षेत तगेल?" असं विचारायला हवं. का, ते हिशोबातच दिसतं. तिन्ही परीक्षांचे गुण शेवटी सीएलबी या कॅनडाच्या मापात बदलतात, त्यावरून सीआरएसचे, म्हणजे अर्जदारांची क्रमवारी लावणारे गुण मिळतात, आणि खरी उडी सीएलबी ९ ला आहे. समजा, अविवाहित अर्जदार, मास्टर्स झालेलं, भारतात तीन वर्षांहून जास्त अनुभव. आयईएलटीएसमध्ये वाचन, लेखन, बोलणं प्रत्येकी ७, पण ऐकणं ७.५. म्हणजे ऐकण्यात सीएलबी ८. त्या कौशल्याचे ३१ ऐवजी २३ गुण मिळाले, इथवर ठीक. पण चारही कौशल्यांत ९ नाही, म्हणून शिक्षण आणि भाषा या जोडीचे ५० चे २५ होतात, परदेशातला अनुभव आणि भाषा या जोडीचेही ५० चे २५. अर्ध्या बँडपायी ५८ गुण गेले! ड्रॉचा (अर्जाची आमंत्रणं काढण्याच्या फेरीचा) कटऑफ दोन-चार गुणांनी हुकल्यावर लोक कपाळाला हात लावतात, तिथे हे अठ्ठावन्न.

सीएलबी ९ साठी किमान स्कोअर असे:

| | आयईएलटीएस | सेल्पिप | पीटीई कोर |
|---|---|---|---|
| ऐकणं | ८ | ९ | ८२ |
| वाचन | ७ | ९ | ७८ |
| लेखन | ७ | ९ | ८८ |
| बोलणं | ७ | ९ | ८४ |

पीटीईचा लेखनाचा आकडा नीट बघा. ९० पैकी ८८. चुकायला जागाच नाही. "पीटीई म्हणजे पैकीच्या पैकी" हा समज ऑस्ट्रेलियाला जाणाऱ्यांकडून इकडे आलाय, पण ते लोक देतात ती अ‍ॅकॅडमिक, आणि तिथला हिशोब वेगळा.

आयईएलटीएसमध्ये ऐकण्याला ८ लागतो, म्हणजे साधारण ४० पैकी ३५ उत्तरं बरोबर हवीत. ध्वनिफीत एकदाच वाजते, ब्रिटिश-ऑस्ट्रेलियन उच्चार मिसळलेले असतात, आणि उत्तर लिहिताना स्पेलिंग चुकलं तर तो गुण गेला. लेखनात एक पत्र आणि २५० शब्दांचा निबंध. आपल्याकडची बरीच मंडळी इथेच ६.५ वर अडकतात. मराठीत आर्टिकल नसल्यामुळे 'अ' आणि 'द' कुठे घालायचं हा गोंधळ बोलताना खपून जातो, कागदावर नाही. बोलण्याची परीक्षा मात्र समोरासमोर, ११ ते १४ मिनिटांची. माणूस समोर असला की ज्यांची कळी खुलते, त्यांना हे फार सोयीचं.

सेल्पिप पूर्ण कॅनडियन, सगळी संगणकावर, तीन तासांच्या आसपास. ऐकण्यात पर्याय निवडायचे असतात, त्यामुळे स्पेलिंगची भानगड नाही, पण काही भागांत प्रश्नसुद्धा फक्त ऐकू येतो. कागदावर भराभर टिपणं काढायची सवय हवी. लेखनात एक ईमेल आणि एका सर्वेक्षणाला उत्तर, दोन्ही दीडशे ते दोनशे शब्दांत, आणि स्पेलचेक सोबतीला. हिंजवडीत बसून रोज अमेरिकन क्लायंटचे कॉल घेणाऱ्याला, दिवसाला वीस मेल टाइप करणाऱ्याला मी डोळे झाकून हीच सुचवेन. अडचण दोन: भारतात केंद्रं आयईएलटीएसच्या मानाने कमी, आणि बोलायचं मायक्रोफोनशी, तेही शेजारचे सगळे एकाच वेळी बोलत असताना.

पीटीई कोर सर्वांत आटोपशीर, साधारण दोन तासांची. निकाल बहुतेक वेळा दोन दिवसांत. बोलणंही मशीनच ऐकतं. अडखळलात, मध्ये 'म्हणजे', 'अं' करत राहिलात तर मशीनला तुमची हुशारी कळत नाही. ऐकलेलं वाक्य जसंच्या तसं म्हणून दाखवायचा प्रकार आहे, त्याचे गुण बोलणं आणि ऐकणं दोन्हींत धरले जातात. लक्षात ठेवण्याची क्षमता आणि टायपिंगचा वेग दोन्ही चांगले असतील, तरच हिच्या वाटेला जा.

कॅनडाबरोबर ऑस्ट्रेलियाचाही विचार डोक्यात असेल तर वाद नको, आयईएलटीएस द्या. तिथल्या स्किल्ड व्हिसालाही जनरल ट्रेनिंग चालते. एका परीक्षेतलं ऐकणं आणि दुसरीतलं लेखन अशी जुळवाजुळव मात्र होत नाही. तेव्हा फी भरण्याआधी तिन्हींची एकेक मॉक टेस्ट घड्याळ लावून द्याच.

नवरा-बायको एकत्र अर्ज करत असाल तर मुख्य अर्जदार आधी ठरवून टाकू नका. जोडीदाराला परीक्षा सक्तीची नाही, पण दिली तर भाषेचे जास्तीत जास्त २० गुण मिळतात. दोघांचे स्कोअर आल्यावर दोन्ही बाजूंनी सीआरएस काढून बघा. "अनुभव ह्यांचा जास्त, म्हणून हेच मुख्य" हे गणित कित्येकदा उलटं निघतं.

स्कोअर दोन वर्षंच चालतो, आणि तो नुसता प्रोफाइल भरताना नव्हे, आमंत्रणानंतर पीआरचा अर्ज सादर करण्याच्या दिवशीही चालू हवा. आमंत्रण आल्यावर अर्जाला ६० दिवस मिळतात. म्हणून मुदत संपायला चार-पाच महिने उरले आणि प्रोफाइल अजून पूलमध्येच, म्हणजे आमंत्रणाची वाट बघणाऱ्यांच्या यादीत, पडून असेल, तर पुढची तारीख घेऊन ठेवा.