टेम्प्लेटमधून काढलेली व्हीएम नेटवर्कवर येत नाही: हाताने दुरुस्ती, टेम्प्लेटची सफाई की पहिल्या बूटला सेटिंग?

एकाच टेम्प्लेटमधून, म्हणजे नव्या मशीनसाठी ठेवलेल्या तयार साच्यातून, काढलेल्या दोन उबंटू (लिनक्स) व्हीएम, म्हणजे आभासी मशीन. नावं वेगळी, मॅक पत्ते (नेटवर्क कार्डांचे क्रमांक) वेगळे, तरी आयपी पत्ते वाटणाऱ्या डीएचसीपी सर्व्हरने दोघींना एकच आयपी दिला. एसएसएच (दुरून लॉगिन) केलं की कधी पहिली उघडायची, कधी दुसरी, आणि चालू सेशन मध्येच तुटायचं. त्या रात्री मी फायरवॉलचे नियम वाचले, स्विचचे पोर्ट तपासले, नेटवर्कवाल्यांना झोपेतून उठवलं. दोष एका ओळीच्या फाइलमध्ये होता आणि ती फाइल टेम्प्लेटमधून आली होती.

असं काही तुमच्याकडे होत असेल तर इलाज तीन ठिकाणी करता येतो. बिघडलेल्या मशीनमध्ये शिरून हाताने. टेम्प्लेटमध्ये, म्हणजे त्यातली जुनी ओळख पुसून. किंवा नव्या मशीनच्या पहिल्या बूटला, म्हणजे नाव, आयपी, गेटवे बाहेरून पुरवून. तिन्ही चालतात, पण त्यांची मेहनत वेगवेगळ्या वेळी पडते. माझं मत आधीच सांगतो: टेम्प्लेटमध्ये कोणाचीच ओळख शिल्लक नसावी. पुढची तुलना याच मतावर उभी आहे.

आधी बाहेरून बघा

इलाज निवडण्यापूर्वी पाच मिनिटं हायपरव्हायजरला, म्हणजे व्हीएम चालवणाऱ्या प्रणालीला, द्या. व्हीएमवेअरच्या व्हीस्फिअरमध्ये नेटवर्क अ‍ॅडाप्टरसमोर ‘कनेक्टेड’ आणि ‘कनेक्ट अ‍ॅट पॉवर ऑन’ या दोन्ही खुणा आहेत का? प्रॉक्समॉक्स या दुसऱ्या हायपरव्हायजरमध्ये ब्रिज (व्हीएमला नेटवर्कशी जोडणारा आभासी स्विच) आणि व्हीलॅन टॅग (मशीन नेटवर्कच्या कोणत्या भागात आहे त्याचा क्रमांक) बरोबर आहेत का? टेम्प्लेट ज्या व्हीलॅनवर बनवलं, त्यातून काढलेल्या क्लोनलाही (प्रतीलाही) तोच व्हीलॅन मिळतो. आयपी मात्र आपण नव्या सबनेटमधला (पत्त्यांच्या गटातला) देतो आणि गेटवेला पिंग जात नाही. अशा वेळी मशीनच्या आत काहीच चुकलेलं नसतं.

मग आतला पत्ता बघा. विंडोजमध्ये १६९.२५४ने सुरू होणारा पत्ता दिसला, तर डीएचसीपीचं उत्तर आलेलं नाही. पत्ताच नसेल, तर सेटिंग कार्डाला लागू झालेली नाही. पत्ता बरोबर असून संपर्क अधूनमधून तुटत असेल, तर त्याच पत्त्यावर आणखी कोणी बसलं असण्याची शक्यता मोठी. त्याच नेटवर्कवरच्या तिसऱ्या मशीनवरून आर्पिंग (या पत्त्यावर कोणाचा मॅक आहे ते विचारणारी आज्ञा) चालवा. दोन वेगळे मॅक उत्तर देत असतील तर शंका मिटली.

दोघींना एकच आयपी

सुरुवातीला सांगितलेल्या गोष्टीचं कारण हे. उबंटू सर्व्हरमध्ये १८.०४ पासून नेटवर्कचं काम सिस्टमडी-नेटवर्कडी (सेवा सुरू करणाऱ्या सिस्टमडीचा नेटवर्क विभाग) बघतं. ते डीएचसीपीकडे पत्ता मागताना मॅकऐवजी स्वतःचा एक ओळख क्रमांक पाठवतं आणि तो क्रमांक मशीन-आयडी नावाच्या फाइलमधून काढतं. टेम्प्लेटमध्ये ती फाइल भरलेली राहिली, की प्रत्येक क्लोन तोच क्रमांक सांगतो. डीएचसीपी सर्व्हरच्या दृष्टीने ही एकच मशीन असते, म्हणून तो तोच पत्ता पुन्हा देतो. त्याचं काहीच चुकत नाही.

हाताने दुरुस्ती सोपी आहे. नेटप्लॅनच्या (उबंटूच्या नेटवर्क सेटिंगच्या) फाइलमध्ये डीएचसीपीची ओळख मॅकवरून घ्यायला सांगायचं, सेटिंग लागू करायची, झालं. एका मशीनला दोन मिनिटं. पण मशीन-आयडी तशीच जुळी राहते आणि सिस्टमची लॉग यंत्रणाही तीच आयडी वापरते. दोन सर्व्हरचे लॉग एका ठिकाणी गोळा करायला गेलात, की हा गुंता वेगळ्या दाराने परत येतो.

टेम्प्लेटमधली दुरुस्ती कायमची, पण तिला शिस्त लागते. एटीसी फोल्डरमधली मशीन-आयडीची फाइल काढून टाकू नका, रिकामी करा. डी-बसच्या (प्रोग्रॅमना आपसात निरोप पोचवणाऱ्या सेवेच्या) फोल्डरमध्ये तिची वेगळी प्रत असेल तर ती काढून तिथे मूळ फाइलची लिंक ठेवा. हे राहून गेलं तर रिकामी फाइल बघून सिस्टमडी डी-बसच्या प्रतीतून जुनाच क्रमांक उचलतो, आणि आपण सफाई केली होती यावरचा आपलाच विश्वास उडतो. त्यानंतर लगेच मशीन बंद करून टेम्प्लेट बनवा. मध्ये एकदा जरी बूट केली तरी फाइल पुन्हा भरते.

कार्ड आहे, पण सेटिंग अनाथ

सेंटॉस ६ या जुन्या लिनक्समध्ये याचं रूप सगळ्यांच्या ओळखीचं होतं. यूडेव्हच्या (उपकरणांना नावं देणाऱ्या सेवेच्या) नियमांच्या फाइलमध्ये टेम्प्लेटचा मॅक लिहिलेला असायचा. क्लोनला नवा मॅक मिळाला की ईटीएच-० नावाच्या कार्डाऐवजी ईटीएच-१ उगवायचं आणि सेटिंग मात्र ईटीएच-० च्या नावावर पडून राहायची. पुढे कार्डाचं नाव पीसीआय स्लॉटवरून ठरू लागलं आणि हा त्रास कमी झाला. संपला मात्र नाही. व्हीएमवेअरवर ईएनएस-१९२ म्हणवणारं कार्ड प्रॉक्समॉक्सवर बहुधा ईएनएस-१८ होतं. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर विकत घेतल्यावर बऱ्याच जणांनी प्लॅटफॉर्म बदलायचा विचार सुरू केला. जुनं टेम्प्लेट उचलून नव्या ठिकाणी ठेवलं, तर पहिली ठेच इथेच लागते.

नेटप्लॅनमध्ये याचाच एक छुपा भाऊ आहे. क्लाउड-इनिटने (पहिल्या बूटला मशीन तयार करणाऱ्या साधनाने) लिहिलेल्या फाइलमध्ये ‘या मॅकच्या कार्डाला ही सेटिंग’ अशी अट असते. ती फाइल टेम्प्लेटमध्ये राहिली तर क्लोनच्या नव्या मॅकशी जुळणारं काहीच सापडत नाही. कार्ड दिसतं, केबल जोडलेली दिसते, पत्ता नाही.

इथे हाताने दुरुस्ती म्हणजे प्रत्येक मशीनच्या कन्सोलवर जाऊन फाइल बदलणं, कारण नेटवर्कच नाही तर एसएसएच कुठून असणार? तीन मशीनना ठीक आहे. तिसाव्या मशीनला एखादा आकडा चुकीचा पडतो आणि नवीन दुखणं जन्माला येतं.

सफाईसाठी व्हर्ट-सिसप्रेप हे साधन मला आवडतं. बंद असलेल्या डिस्कवर बाहेरून चालतं आणि मशीन-आयडी, यूडेव्हचे नियम, एसएसएचच्या होस्ट की (मशीनची ओळख पटवणाऱ्या किल्ल्या), लॉग, सगळं एका फेरीत काढतं. चालू मशीनच्या डिस्कवर ते कधीही चालवू नका, डिस्क खराब होते. आणखी एक जपा: डेबियन आणि उबंटूमध्ये एसएसएचच्या होस्ट की आपोआप परत तयार होतीलच असं नाही. क्लाउड-इनिट असेल तर ते बनवतं. नसेल तर मशीनला पिंग जातो पण एसएसएचचा बावीस नंबरचा पोर्ट बंद, आणि आपण पुन्हा फायरवॉलच्या मागे लागतो.

विंडोजची गोष्ट वेगळी

विंडोजसाठी मी हाताने दुरुस्तीची शिफारस करत नाही. सिसप्रेप (विंडोजचं ओळख पुसणारं साधन) न करता क्लोन केलं, की जुनं कार्ड डिव्हाइस मॅनेजरमध्ये लपून राहतं. टेम्प्लेटमध्ये स्थिर आयपी दिलेला असेल तर तोही त्याच कार्डाला चिकटून असतो. नव्या कार्डाला तोच आयपी द्यायला गेलं की विंडोज सांगते, हा पत्ता दुसऱ्या अ‍ॅडाप्टरकडे आहे. लपलेली उपकरणं दाखवून ते कार्ड काढता येतं, पण मशीनचा एसआयडी (विंडोजचा ओळख क्रमांक) जुळाच राहतो.

हा एसआयडी बरीच वर्षं दुर्लक्षित राहिला. मायक्रोसॉफ्टच्याच मार्क रसिनोविच यांनी २००९ मध्ये लिहिलं की मशीनचा एसआयडी जुळा असल्याने सहसा काही बिघडत नाही, आणि तो बदलणारं न्यूएसआयडी हे साधनही निवृत्त झालं. कंपनीचं धोरण मात्र सिसप्रेप केलेल्या इमेजलाच आधार देण्याचं होतं. २०२५ च्या ऑगस्टअखेरपासूनच्या अपडेटमध्ये विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीत आणि सर्व्हर २०२५ मध्ये एसआयडीची तपासणी कडक झाली. त्यानंतर जुळ्या मशीनमध्ये शेअर केलेलं फोल्डर उघडत नाही, रिमोट डेस्कटॉप पासवर्ड नाकारतो. तक्रार ‘नेटवर्क चालत नाही’ अशीच येते, पिंग मात्र व्यवस्थित जातो. इथे ‘जनरलाइझ’ या ओळख पुसणाऱ्या पर्यायासह सिसप्रेप हाच मार्ग. पूर्वी एका इमेजवर ते मोजक्याच वेळा करता यायचं. सर्व्हर २०१२ पासून ही मर्यादा १००१ आहे, त्यामुळे ती सबब उरलेली नाही.

जाता जाता: विंडोजमध्ये कार्डच दिसत नसेल तर ड्रायव्हर बघा. प्रॉक्समॉक्सवरच्या व्हर्टआयओ या आभासी कार्डाचा ड्रायव्हर टेम्प्लेटमध्ये आधीच घातलेला असावा.

पहिल्या बूटला: कस्टमायझेशन स्पेसिफिकेशन की क्लाउड-इनिट

ज्यांच्याकडे दर महिन्याला नव्या मशीन निघतात त्यांच्यासाठी खरी निवड ही आहे.

व्हीस्फिअरचं कस्टमायझेशन स्पेसिफिकेशन, म्हणजे नव्या क्लोनच्या सेटिंगची साठवलेली यादी, विंडोजसाठी उत्तम. सिसप्रेप तेच चालवतं, डोमेनला तेच जोडतं, आयपी विचारून घेतं. लिनक्ससाठी मात्र ते दोन गोष्टींवर टेकून असतं: व्हीएमच्या आत बसणारं व्हीएमवेअर टूल्स आणि पर्ल ही प्रोग्रॅमिंग भाषा. लहानात लहान इमेज बनवायच्या नादात पर्ल काढून टाकलं असेल तर कस्टमायझेशन होत नाही. आणि त्याचा परिणाम चकवणारा असतो: काम चालू असताना नेटवर्क कार्ड तोडून ठेवलेलं असतं आणि शेवटी जोडलं जातं. मध्येच गाडी अडली तर कार्ड तुटलेलंच राहतं. ‘कनेक्टेड’ची खूण हाताने लावून लोक पुढे जातात, पण आयपी जुनाच असतो. उबंटू १८.०४ मध्ये ओपन-व्हीएम-टूल्स (त्याच टूल्सची मुक्त आवृत्ती) ही सेवा डी-बसच्या आधी सुरू व्हायची आणि याच जागी अडायची. तिला डी-बसनंतर सुरू व्हायला सांगणारी एक ओळ टेम्प्लेटमध्ये घातली की सुटायचं. अशा वेळी लिनक्समध्ये व्हारच्या लॉग फोल्डरमधली व्हीएमवेअर-आयएमसीची फाइल उघडा. कुठे थांबलं ते तिथे लिहिलेलं असतं.

क्लाउड-इनिट प्लॅटफॉर्मशी बांधलेलं नाही, हा त्याचा मोठा गुण. प्रॉक्समॉक्समध्ये एक छोटी क्लाउड-इनिट ड्राइव्ह जोडायची, आयपी आणि एसएसएचच्या की भरायच्या, क्लोन सुरू करायचा. उद्या प्लॅटफॉर्म बदलला तरी टेम्प्लेटचं शिकलेलं वाया जात नाही. पण त्याला स्मरणशक्ती आहे. ‘ही मशीन मी आधीच तयार केली’ असं त्याला वाटलं तर ते पुन्हा काम करत नाही, म्हणून टेम्प्लेट सील करताना त्याची ‘क्लीन’ आज्ञा चालवायलाच हवी.

आणि माझे सगळ्यात जास्त तास खाल्लेली गोष्ट: आयएसओवरून (इन्स्टॉलेशनच्या डिस्क फाइलवरून) इन्स्टॉल केलेल्या उबंटू सर्व्हरमध्ये इन्स्टॉलरच क्लाउड-इनिटची नेटवर्क सेटिंग बंद करणारी फाइल ठेवून जातो. नाव बदलतं, एसएसएचची की पोचते, आयपी तेवढा येत नाही. साधी ‘क्लीन’ आज्ञा ती फाइल हलवत नाही. म्हणून मी आता आयएसओवरून टेम्प्लेट बनवणं सोडलं आहे. उबंटूची तयार क्लाउड इमेज (आधीच इन्स्टॉल केलेली डिस्क) घेतो.

मग काय निवडायचं?

वर्षाला चार-पाच लिनक्स मशीन काढत असाल आणि आयपी स्थिर असतील, तर हाताने करा. फक्त मशीन-आयडी आणि एसएसएचच्या की प्रत्येक वेळी नव्या बनवा. विंडोज जास्त आणि व्हीस्फिअर आधीपासून असेल तर कस्टमायझेशन स्पेसिफिकेशन. लिनक्स जास्त, किंवा पुढेमागे प्लॅटफॉर्म बदलण्याचा विचार असेल, तर आज थोडे कष्ट घेऊन क्लाउड-इनिट.

शेवटच्या दोन्हींत टेम्प्लेटची सफाई गृहीत धरा. ती एकदा करून संपत नाही. व्हीस्फिअरमध्ये अपडेट घालायला टेम्प्लेटची परत मशीन करावी लागते, ती बूट होते, आणि पुसलेली ओळख पुन्हा भरते. त्यामुळे सफाईच्या आज्ञा एका स्क्रिप्टमध्ये ठेवा आणि अपडेटनंतर टेम्प्लेटमध्ये परत बदलण्याआधी दर वेळी चालवा.

त्यानंतरची चाचणी एका क्लोनवर करू नका. एकटा क्लोन बहुधा नीट चालतो. माझाही चालला होता. दोन क्लोन एकाच वेळी सुरू करा, दोघींचे आयपी आणि मशीन-आयडी शेजारी शेजारी ठेवून बघा, मग ते टेम्प्लेट बाकीच्यांच्या हातात द्या.